नेट जाते, ते नेमके कुठून जाते?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला आणि जीएसटीआर-३बी ची २० तारखेला संपते, हे सोलापुरात चादरी-टॉवेलच्या धंद्यात असलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. अशा पाच-सहा छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब मी शहराच्या पूर्व भागातील माझ्या घरी बसून लिहितो. त्यामुळे २० तारखेच्या संध्याकाळी संगणकाच्या पडद्यावर ‘इंटरनेट नाही’ असे चिन्ह उमटले की माझ्या पोटात गोळा येतो. उशिराच्या प्रत्येक दिवसाला साधारण ५० रुपये विलंब शुल्क व्यापाऱ्याला पडते आणि त्याचा बोल मला लागतो. मार्चपासून पावसाळा सरेपर्यंत माझे नेट सतत ये-जा करीत होते. त्या काळात जे पाहिले, त्यातून इंटरनेट कंपन्या तक्रार ज्या पद्धतीने बंद करतात त्याबद्दल एक मागणी पुढे आली. ती मांडण्यासाठी हा पत्रप्रपंच.

कंपनीच्या मदतवाहिनीवर फोन केला की पलीकडून ठरलेले उत्तर येते, ‘राउटर बंद करून पुन्हा चालू करा.’ तसे केले की बहुतेक वेळा नेट येते, तक्रार मिटली असा संदेश मोबाईलवर झळकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार होतो. या सल्ल्यात चूक काही नाही, पण त्याची अडचण अशी की राउटर नव्याने चालू केल्यावर जवळजवळ कोणताही बिघाड तात्पुरता झाकला जातो आणि तो कशामुळे झाला याचा मागही त्याबरोबर पुसला जातो. चौथ्यांदा हेच घडल्यावर मी राउटरला हात लावणे बंद केले आणि मागणी-पुरवठ्याच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर नोंदी ठेवू लागलो: नेट किती वाजता गेले, किती वेळाने आले, त्या वेळी घरातील मोबाईलवर चालत होते का, आणि राउटरवर कोणते दिवे लागलेले होते.

याच्या जोडीला एक साधी युक्ती फार उपयोगी पडली. विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) ‘पिंग’ ही आज्ञा देऊन एखाद्या पत्त्यावर सतत हाक मारत राहता येते. मी अशा दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड्या ठेवल्या. एकीत स्वतःच्याच राउटरचा पत्ता, जो माझ्याकडे १९२.१६८.१.१ असा आहे, आणि दुसरीत गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरचा ८.८.८.८ हा पत्ता. पहिल्या खिडकीतील उत्तरे थांबली तर दोष घरातच, म्हणजे संगणक आणि राउटर यांच्या दरम्यान, शोधायचा. पहिली खिडकी सुरळीत चालू असून दुसरी थांबली तर दोष राउटरच्या पलीकडे. दोन्ही चालू असूनही संकेतस्थळे उघडत नसतील तर नावाचे पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस यंत्रणा अडलेली असते. ते माझ्याकडे एकदाच घडले आणि डीएनएसचा पत्ता बदलताच सुटले.

तीन आठवड्यांच्या नोंदी वाचल्यावर लक्षात आले की ज्याला मी एकच बिघाड समजत होतो, ते वेगवेगळे तीन बिघाड होते. त्यांपैकी दोहोंत कंपनीचा काडीचाही दोष नव्हता, हे येथे मोकळेपणाने कबूल केले पाहिजे, कारण त्या दोहोंसाठीही मी मदतवाहिनीवरील मुलांना बरेच काही ऐकवले होते.

पहिला दोष संगणकाचाच होता. जेवायला उठून परत आलो की नेट गेलेले असे, पण मोबाईल त्याच वायफायवर व्यवस्थित चालत असे. वीज वाचवण्यासाठी विंडोज संगणकातील वायफायचे कार्ड झोपवीत होते आणि ते नीट जागे होत नव्हते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटच्या पानावर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी एक खूण असते. ती काढून टाकली आणि तो त्रास संपला. कधी कधी अशा वेळी ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिल्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसे. राउटरकडून पत्ता मिळाला नाही, म्हणून संगणकाने स्वतःच एक लावून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. तो दिसत असताना कंपनीला फोन करण्याआधी घरातली तार आणि राउटर पाहावा.

दुसरा दोष शोधायला सर्वांत जास्त वेळ लागला आणि तो खास आमच्या भागातला म्हणावा असा आहे. रोज सकाळी ठरावीक वेळेला, आणि वीज जाऊन आल्यानंतर तर हमखास, राउटरचे सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागत आणि दोन-तीन मिनिटे घरातील प्रत्येक उपकरणाचे नेट जाई. शेजारच्या शेडमधील यंत्रमाग सुरू होण्याची हीच वेळ. मोटार सुरू होताना ती नेहमीच्या चालण्यापेक्षा कितीतरी पट अधिक विद्युतप्रवाह ओढते, त्या क्षणी आसपासच्या घरांतील दाब खाली येतो आणि बल्ब किंचित मंदावतो, हे मागांच्या गल्लीत वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. परंतु राउटरच्या अडॅप्टरवर तर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, म्हणजे एवढ्याने तो डगमगायला नको होता. उत्तर अडॅप्टर उघडल्यावर मिळाले. राउटर मी पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर ठेवला होता. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४२ अंशांच्या पुढे पारा जातो तेव्हा पत्र्याखाली काय होत असेल, याची कल्पना सोलापूरकरांना द्यायला नको. अशा उष्णतेत अडॅप्टरमधील कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे छोटे भाग, आतून सुकत जातात आणि क्षणभराची दाबाची घसरण पेलण्याची त्यांची ताकद जाते. माझ्या अडॅप्टरमधील एक कपॅसिटर वरून फुगलेला होता. राउटरच्या जाळीवर तर सुताचे तंतू आणि रुईची धूळ मिळून अंगठ्याएवढा थर साचला होता. तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा अधिक ॲम्पिअरचा नवा अडॅप्टर आणला, राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस मध्ये जोडला आणि राउटर माळ्यावरून खाली हवेशीर भिंतीवर आणला. त्यानंतर माग सुरू होण्याचा आणि नेट जाण्याचा संबंध तुटला.

(अडॅप्टर उघडण्याचे काम विजेची जाण असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे, प्लग काढल्यावरही आत काही काळ विद्युतभार शिल्लक राहतो.)

वायफायबद्दल फार लिहीत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आमच्या दाट वस्तीत शेजाऱ्यांचे राउटर एकमेकांवर आदळतात, मायक्रोवेव्ह ओव्हनही जवळपास त्याच लहरींवर चालतो, आणि त्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हेच चॅनेल एकमेकांत न मिसळणारे म्हणून निवडले जातात. मी संगणकाला सरळ लॅनची तार लावली आणि हा विषय माझ्यापुरता संपवला.

आता तिसरा दोष, ज्यासाठी संपादकांची जागा मागत आहे. संध्याकाळी वारा सुटला किंवा पाऊस झाला की घरातील फायबरच्या डब्यावर, म्हणजे बाहेरून येणारी फायबरची तार ज्याला जोडलेली असते त्यावर, ‘एलओएस’ हा दिवा लाल होई. प्रकाशाचा संदेश डब्यापर्यंत पोहोचत नाही, असे तो दिवा सांगतो, आणि संगणकाचे, वायफायचे किंवा अडॅप्टरचे काहीही केले तरी तो विझत नाही. डब्याच्या माहितीच्या पानावर मिळणाऱ्या प्रकाशाची पातळी डीबीएम या एककात दिसते. घरगुती जोडणीत ती उणे २७ च्या खाली गेली की डब्याला संदेश वाचणे अवघड होऊ लागते. हे मोजमाप असे की दर तीन अंकांनी प्रकाश निम्मा होतो. माझ्याकडे कोरड्या सकाळी उणे २५ आणि वाऱ्याच्या संध्याकाळी उणे २८-२९ असे आकडे वहीत उतरलेले होते, म्हणजे संध्याकाळी सकाळच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी प्रकाश घरात येत होता. कारण पाहायला गच्चीवर गेलो. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खांबावरून आलेली तार शेजारच्या कठड्यातील खिळ्याला घट्ट गुंडाळलेली होती. फायबरमधील ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो, तो सुमारे ९ मायक्रॉन जाडीचा असतो आणि तार तीव्र कोनात वाकली की प्रकाश त्या वळणावर बाहेर सांडतो. वाऱ्याने ती तार हलली की वळण आणखी आवळले जात होते.

ही माहिती मी मदतवाहिनीला दिली, तेव्हा पुन्हा राउटर बंद-चालू करण्याचा सल्ला मिळाला. पुढच्या दोन्ही तक्रारी कोणीही घरी न येता ‘निवारण झाले’ म्हणून बंद झाल्या. त्यांपैकी एक मी तक्रार नोंदवल्यानंतर तासाभरात, म्हणजे लाल दिवा माझ्यासमोर चालू असताना बंद झाली.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, २०१२ च्या नियमावलीत तक्रार निवारणाच्या दोन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर तक्रार केंद्राने ग्राहकाला तक्रार क्रमांक द्यायचा असतो. तेथे समाधान झाले नाही तर तक्रार निवारणाची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि अपिलावर ३९ दिवसांत निर्णय व्हावा लागतो. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवते, हा बऱ्याच जणांचा गैरसमज आहे, माझाही होता; प्रत्यक्षात ती त्या सोडवीत नाही. याशिवाय दूरसंचार सेवेतील त्रुटीची तक्रार ग्राहक आयोगापुढे नेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मी अपील केले आणि सोबत वहीतील पानांची छायाचित्रे व डब्यावरील आकडे जोडले. त्यानंतर आलेला तरुण जाणकार आणि नम्र होता. त्याने आपल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर आकडा पाहिला, खिळ्याचे वळण सोडवले, कठड्यावर गोल वळण देऊन तार क्लिपांनी बसवली आणि सांधा नव्याने जोडला. आकडा उणे २१ वर आला आणि दिवाळीच्या आधीच्या पावसातही तेथेच राहिला. एकूण काम अर्ध्या तासाचे होते.

या तरुणाच्या खिशात मीटर होता. आधीच्या तक्रारींवेळी येऊन गेलेल्या दोघांच्याही होता, पण त्यांनी तो बाहेर काढला नाही, कारण तसा दंडक नाही. माझी मागणी एवढीच आहे की शहरातील सेवापुरवठादारांनी फायबरची कोणतीही तक्रार बंद करताना घरातील डब्यापाशी मोजलेली प्रकाशाची पातळी, तारीख आणि वेळ ग्राहकाच्या संदेशात लिहावी. कोणी घरी आलेच नसेल तर आकड्याची जागा रिकामी राहील आणि ग्राहकाला अपिलात तो संदेशच पुरावा म्हणून जोडता येईल. ग्राहकांनीही तक्रार करताना ‘नेट सारखे जाते’ असे न म्हणता किती वाजता गेले, कोणता दिवा लाल होता आणि मोबाईलवर चालत होते का, एवढे तीन तपशील सांगितले तर मदतवाहिनीवरील मुलालाही राउटर बंद-चालू करण्यापलीकडे काही विचारता येईल. ही सूचना मी कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याला लेखी पाठवली आहे. उत्तर अद्याप आलेले नाही; आले तर आपल्या वाचकांना कळवीन.

आपला विश्वासू,
एक हिशेबनीस, पूर्व भाग, सोलापूर