तांबूच्या माणसांचे आभार

आमच्या निवाऱ्यातला तांबू कुत्रा अखेर मालवणजवळच्या एका घरात रुळला. इथे असताना तो पिंजऱ्यात गोल गोल फिरायचा. कुणी जवळ आलं की ओठ चाटायचा, जांभया द्यायचा. बघायला आलेले म्हणायचे, 'झोपाळू दिसतोय.' नाही हो, घाबरलेला कुत्रा असंच करतो.

ज्या काका-काकूंनी त्याला नेलं, त्यांना नाव छापलेलं नकोय. पहिले काही दिवस त्यांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. पडवीत गोणपाट अंथरलं, पाणी ठेवलं आणि आपापली कामं केली. काकू त्याच्याकडे पाठ करून सुपारी सोलत बसायच्या. तिसऱ्या आठवड्यात तांबू आपणहून त्यांच्या पायाशी आला. चतुर्थीला वाडीत फटाके वाजले, तेव्हा माजघर त्याला दिलं आणि पाहुणे पडवीत! (हे केवढं मोठं, ते कोकणातल्यालाच कळेल.)

भर पावसात एकदाही हॉर्न न वाजवता त्याला पोचवणारे टेम्पोवाले दादा, आणि रेबीजची लस टोचायला घरी जाऊन आधी अर्धा तास नुसत्या जमिनीवर बसलेल्या डॉक्टरताई, तुमचेही मनापासून आभार.

काल फोटो आला. तांबू खळ्यात उताणा झोपलाय, चारी पाय वर.