फॉरेक्स कार्डाचा खरा भाव छापील हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना आणि दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की सहलींच्या जाहिरातींबरोबर फॉरेक्स कार्डांच्याही, म्हणजे परदेशातल्या खर्चासाठी आधीच परकीय चलन भरून न्यायच्या प्रीपेड कार्डांच्याही, जाहिराती सुरू होतात. ‘झिरो मार्कअप’ (दरावर जादा टक्के नाहीत), ‘इश्यू फी माफ’, ‘लाइफटाइम फ्री’ एवढेच त्यात ठळक छापलेले असते. ग्राहक त्यावरून कार्ड निवडतो. पण प्रीपेड कार्डावरचा सर्वांत मोठा खर्च यांपैकी कशातच नसतो. तो विक्रीच्या दरात असतो. बाजारात युरो ज्या भावाने चालू आहे आणि कार्डात भरताना तो ज्या भावाने दिला जातो, त्यांतला फरक ही कार्ड देणाऱ्याची कमाई. पावतीवर तिची वेगळी ओळ नसते, म्हणून ग्राहकाला ती दिसतच नाही.

हिशेब सोपा जावा म्हणून बाजारभाव १ युरो = १०० रुपये धरू. पहिले कार्ड १०२.५० चा दर देते आणि ५०० रुपये इश्यू फी घेते. दुसरे ‘सर्व शुल्क माफ’ म्हणते, पण दर १०३.५० लावते. १,००० युरो भरायचे असतील तर पहिल्या कार्डाला १,०२,५०० रुपये, फी जीएसटीसह ५९० आणि चलन बदलण्यावरचा जीएसटी १८२, असे एकूण १,०३,२७२ रुपये पडतात. दुसऱ्याला १,०३,५०० आणि जीएसटी १८३, म्हणजे १,०३,६८३. फुकटचे कार्ड ४११ रुपयांनी महाग पडले. आता हेच ३०० युरोंसाठी मांडा. पहिले ३१,३९५ रुपयांना पडते, दुसरे ३१,१०६ रुपयांना. म्हणजे साधारण ५९० युरोंच्या खाली दुसरे कार्ड स्वस्त आणि त्यावर पहिले. हॉटेल, जेवण, बस सगळे आधीच भरून ग्रुप टूरने जाणाऱ्याला वरखर्चापुरते तीन-चारशे युरो लागतात. त्याने फी पाहावी. सहा महिन्यांचा खर्च घेऊन जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलाच्या आईवडिलांनी फीकडे दुर्लक्ष करून दरातल्या पैशापैशावर घासाघीस करावी. रक्कम मोठी असेल तर दर कमी करून मिळतो, मात्र तो मागावा लागतो.

वरच्या हिशेबातला चलन बदलण्यावरचा जीएसटी सगळीकडे सारखाच असतो. १ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराचे करपात्र मूल्य रकमेच्या १ टक्का, किमान २५० रुपये, आणि त्यावर १८ टक्के कर. म्हणजे कमीत कमी ४५ रुपये, लाखाला १८० रुपये. १ ते १० लाखांच्या टप्प्यात करपात्र मूल्य १,००० रुपये अधिक लाखावरच्या रकमेच्या अर्धा टक्का. हा कर सरकारचा आहे, त्यामुळे ‘आमच्याकडे जीएसटी कमी लागतो’ असे कोणी सांगितले तर ते ऐकून सोडून द्यावे.

क्रेडिट कार्डाशी तुलना करताना लोक हटकून चुकतात, कारण तिथे मार्कअप उघड लिहिलेला असतो आणि म्हणून तो जास्त वाटतो. ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून ४.१३ टक्के होतात. वरच्या उदाहरणात १,००० युरोंचे १,०४,१३० रुपये. हे महागच. पण २ टक्के मार्कअपचे कार्ड करासह २.३६ टक्क्यांना, म्हणजे १,०२,३६० रुपयांना पडते आणि वरच्या दोन्ही फॉरेक्स कार्डांना मागे टाकते. यात व्हिसा किंवा मास्टरकार्ड या कार्ड व्यवहार चालवणाऱ्या कंपन्यांचा त्या दिवसाचा दर बाजारभावाइतकाच धरला आहे. तो थोडा वरखाली असतो आणि दोघांच्याही संकेतस्थळांवर तपासता येतो. एटीएममधून रोख काढण्यासाठी मात्र क्रेडिट कार्ड कधीच वापरू नये. रोख काढण्याचे वेगळे शुल्क लागतेच, शिवाय व्याज पहिल्या दिवसापासून चालू होते.

प्रीपेड कार्डाची खरी बाजू अशी की दर भरतानाच पक्का होतो, खर्च भरलेल्या रकमेपुरताच राहतो आणि कार्ड चोरीला गेले तरी घरच्या बचत खात्याला धक्का लागत नाही. यासाठी एक-दीड टक्का जास्त मोजायला हरकत नाही. पण दर पक्का झाला म्हणजे फायदा झाला असे नव्हे. प्रवासाच्या काळात रुपया वधारला तर तोच पक्का दर महागात पडतो.

कार्डात कोणते चलन भरले यावर बराच खर्च ठरतो. ‘युरोपला चाललोय’ म्हणून सगळे पैसे युरोत भरले जातात आणि सहलीचे तीन दिवस स्वित्झर्लंडमध्ये असतात, जिथे चलन स्विस फ्रँक आहे. प्रागमध्ये कोरुना, बुडापेस्टमध्ये फोरिंट, लंडनमध्ये पौंड. कार्डात ते चलन नसेल तर युरोतून रक्कम वळती होते आणि क्रॉस करन्सी शुल्क लागते, बऱ्याच कार्डांवर २ ते ३.५ टक्के. ३.५ टक्क्यांच्या कार्डावर ल्युसर्न-इंटरलाकेनमध्ये ३०० युरोंइतका खर्च झाला तर साडेदहा युरो, म्हणजे वरच्या दराने सुमारे १,०७६ रुपये वाया. मल्टिकरन्सी कार्डात फ्रँकचे वेगळे वॉलेट असते. बहुतेक बँकांच्या ॲपमधून युरोतले पैसे फ्रँकमध्ये हलवताही येतात, पण त्या हलवण्यालाही दर लागतो. म्हणून निघण्याआधीच वेगळे भरलेले बरे. बाली आणि व्हिएतनामची अडचण निराळी. रुपिया आणि डाँग ही चलने बहुतेक कार्डांत भरताच येत नाहीत. डॉलर भरायचे म्हणजे रुपयाचे डॉलर करताना एकदा आणि डॉलरचे डाँग करताना पुन्हा एकदा, असा दोनदा कट बसतो. अशा देशांत कमी मार्कअपचे क्रेडिट कार्ड आणि सोबत थोडे रोख डॉलर हा हिशेब बहुधा सरस ठरतो.

एटीएमला दोन बाजूंनी शुल्क असते. कार्ड देणारी बँक दर वेळी साधारण २ डॉलर किंवा दीड युरो घेते, नुसती शिल्लक पाहिली तरी अर्ध्या डॉलरच्या आसपास कापले जातात. त्याखेरीज तिथल्या बँकेचे शुल्क. थायलंडमध्ये परदेशी कार्डाला एका वेळी निदान २२० बाट लागतात, तेवढेच धरू. २,००० बाट काढले तर ते ११ टक्के झाले, २०,००० काढले तर १.१ टक्का. म्हणून थोडे थोडे काढू नये, आणि शिल्लक ॲपवर पाहावी.

सर्वांत जास्त नुकसान मात्र एका बटणावर होते. एटीएमच्या किंवा दुकानातल्या मशीनच्या पडद्यावर स्थानिक चलनातली रक्कम आणि शेजारी रुपयांतली रक्कम दिसते, आणि कोणती हवी असे विचारले जाते. आपले ओळखीचे रुपये पाहून हात तिकडे जातो. तो दर मशीनवाल्याने ठरवलेला असतो आणि बहुधा कार्डाच्या ३.५ टक्क्यांहूनही महाग पडतो. क्रेडिट कार्ड असेल तर परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही अनेक बँका वेगळे शुल्क लावतात. फॉरेक्स कार्ड असेल तर गोष्ट आणखी बिघडते: कार्डात रुपये नसतातच, म्हणून युरोचे रुपये आणि रुपयांचे परत युरो असा उलटा प्रवास होऊन क्रॉस करन्सी शुल्कही कापले जाते, खिशात युरो भरलेले असूनही. पडद्यावर ‘विदाउट कन्व्हर्जन’ किंवा ‘डिक्लाइन कन्व्हर्जन’ दाबावे. ‘डिक्लाइन’ दाबले की व्यवहारच रद्द होईल या भीतीने लोक दाबत नाहीत. व्यवहार रद्द होत नाही, फक्त रूपांतर नाकारले जाते. दुकानदार न विचारता रुपयांत बिल करत असेल तर पिन टाकण्याआधी थांबवावे.

हॉटेलची अनामत आणि भाड्याची गाडी यांसाठी प्रीपेड कार्ड देऊ नये. अनामत म्हणून अडकवलेली रक्कम सुटायला कित्येक दिवस लागतात आणि तेवढे पैसे सहलीत वापरता येत नाहीत. काही गाडी कंपन्या प्रीपेड कार्ड घेतच नाहीत. टोलनाके, स्वयंचलित पेट्रोल पंप आणि विमानातली विक्री इथेही ते पुष्कळदा चालत नाही.

परत आल्यावरचा खर्च तर कोणी विचारातच घेत नाही. युरो १०२.५० ने घेतला, पण परत देताना खरेदीचा दर लागतो. तो ९७.५० धरला तर उरलेल्या २०० युरोंवर १,००० रुपये गेले. पैसे कार्डातच ठेवले तर काही कार्डांवर ठरावीक महिने वापर नसल्यास शुल्क सुरू होते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार न वापरलेले चलन परतल्यापासून १८० दिवसांत जमा करायचे असते. २,००० डॉलरपर्यंत रोख नोटा ठेवता येतात. म्हणून अंदाजापेक्षा थोडे कमी भरावे आणि लागेल तसे ॲपवरून वाढवावे. दर वेळी ७५ ते १०० रुपये आणि जीएसटी लागेल, ते परवडते. फक्त शनिवार-रविवारी टॉप-अप अडकू शकतो, तेव्हा शुक्रवारी दुपारपर्यंत उरकावे.

टीसीएसविषयी, म्हणजे चलन विकतानाच आगाऊ वसूल केल्या जाणाऱ्या प्राप्तिकराविषयी, उगाच घबराट आहे. १ एप्रिल २०२५ पासून प्रवासासाठी घेतलेल्या चलनावर एका आर्थिक वर्षात, एका पॅनवर, १० लाख रुपयांपर्यंत तो लागत नाही; त्यावरच्या रकमेवर २० टक्के. विवरणपत्रात तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

खरा खर्च ग्राहकाला दाखवण्याची सक्ती इतरत्र झालेलीच आहे. कर्जाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जदाराला सर्व शुल्के धरून एकच वार्षिक टक्का सांगणारे पत्रक बंधनकारक केले. युरोपीय संघात १९ एप्रिल २०२० पासून, संघातल्या चलनांपुरते का होईना, एटीएम आणि दुकानातल्या मशीनवर रूपांतराचा खर्च युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भ दरावर इतके टक्के असा दाखवावा लागतो. आपल्याकडेही दराचे कोष्टक काही गुपित नाही. स्टेट बँकेच्या रोजच्या पत्रकात फॉरेक्स ट्रॅव्हल कार्डाचे खरेदी आणि विक्री दर स्वतंत्र रकान्यांत असतात, आणि डॉलर, युरो, पौंड, येन यांचे संदर्भ दर, म्हणजे त्या दिवसाचे प्रमाण मानले जाणारे बाजारभाव, एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) ही संस्था कामाच्या दर दिवशी जाहीर करते. हे दोन आकडे ग्राहकासमोर शेजारी शेजारी मांडायचे एवढेच बाकी आहे, आणि रिझर्व्ह बँकेने ते सर्व बँका व चलन विक्रेत्यांना सक्तीचे करावे.

प्रत्येक अर्जावर चार ओळी हव्यात: आजचा संदर्भ दर, मागितलेली रक्कम कार्डात भरण्यासाठी सर्व फी आणि करांसह लागणारे एकूण रुपये, तीच रक्कम आज परत केल्यास हातात येणारे रुपये, आणि कार्डात नसलेल्या चलनात खर्च केल्यास लागणारा जादा टक्का. तोवर ग्राहकाने स्वतः कागद पुढे करून हे चार आकडे काउंटरवर लिहून घ्यावेत आणि त्याच दिवशी, एक-दोन तासांच्या आत, दुसऱ्या ठिकाणीही विचारावे, कारण दर दिवसभरात बदलतो. विमानतळावरच्या काउंटरसाठी हे काम ठेवू नये. तिथे दर सर्वांत वाईट मिळतो आणि तुलना करायला वेळ नसतो.

आपला,
परकीय चलन विभागातील एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली