म्हशीचं म्हणून सांगितलं

सांगली,
८ जून २०२५

प्रिय विज्या,

तुझे दोन फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. तिसऱ्याला 'गाडीवर आहे' म्हणून ठेवला, तेव्हा मी घरात आंबा खात होतो. शिव्या घालायच्या तर आत्ताच घाल, कारण पुढचं वाचल्यावर तुला सुचायच्या नाहीत.

तब्येत ठीक. साखर आहे तिथंच आहे, कंबर धरते, सुनीता बरी. झालं.

सर्जा सापडला, विज्या.

ऑक्टोबरात तुमच्या रानात जेसीबी लागला. (तुमचं रान म्हणायची सवय काही जात नाही. आता तिथं पांढरे दगड रोवून प्लॉट पाडलेत.) मी हरिपूरला निघालो होतो. बुजलेल्या पेवाच्या, त्या जमिनीतल्या कोठाराच्या अलीकडं बकेटमधून काळ्या मातीबरोबर हाडं पडली. ड्रायव्हर घाबरून खाली उतरला, त्याला भलतंच काहीतरी वाटलं. मी म्हटलं, जनावर आहे बाबा, चालू दे तुझं. त्यानं चालू दिलं. मी मात्र गाडी स्टँडला लावली आणि ढिगाऱ्यात हात घातला.

आपण २०१८ मध्ये सर्जाला तिथं पुरताना दोन पोती मीठ ओतलं होतं. एवढ्या मिठात गल्लीचं वर्षाचं लोणचं झालं असतं, असं तू म्हणालास आणि आबांनी तुझ्याकडं जे बघितलं, ते मला अजून आठवतं. त्यावरून २०१९ चा पूर गेला, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर होतं, रानात हातभर गाळ बसला. मला वाटलेलं, काही उरलं नसेल. पण काळी माती हाड जपते लेका. दात होते, मणके होते, फऱ्याचा तुकडा होता. आणि एक नळी होती, पुढच्या पायाची, गुडघ्याच्या आणि खुराच्या मधली. मधोमध, जरा बाहेरच्या अंगाला, सुपारीएवढी गाठ.

आता तुला सांगायला नको.

गाठीवर अंगठा ठेवला आणि संगमाचा उतार आठवला, बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव आणि तुझं ते 'हाण, हाण!' (हो, 'हाण' तूच म्हणालास. सव्वीस वर्षं तू ते माझ्या नावावर खपवतोयस. आता कागदावर आलं, मिटलं.) बांबूच्या कामट्या बांधलेला तो पाय, खाली न बसता रात्र रात्र उभा राहिलेला सर्जा, आणि आबांना आपण दोघांनी एका सुरात सांगितलेलं, 'घुशीच्या बिळात पाय गेला.' पुढं राजा खरसुंडीच्या जत्रेत विकावा लागला, ते आपण कधी बोललोच नाही. लंगड्या बैलाबरोबर जोडी कशी लागणार?

नळी पिशवीत घातली आणि घरी आणली. तुला कळवलं नाही. का नाही, ते पुढं लिहितो.

माझा हाडं कोरायचा नाद तुला माहीत आहे, पण तू त्याला 'खाटकाची चित्रकला' म्हणतोस, म्हणून जरा नीट सांगतो. अण्णांचा तंबोरा जवारी काढायला मिरजेत सतारमेकर गल्लीत नेला होता, तिथं चाचा हाडाची घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती) कानशीनं घासत बसले होते. पूर्वी सांबराच्या शिंगाची घोडी करत. १९७२ च्या कायद्यानंतर रानात गळून पडलेलं शिंगसुद्धा घरी आणता येत नाही, म्हणून आता उंटाचं नाहीतर म्हशीचं हाड. एक कातरलेला तुकडा त्यांनी माझ्या हातात ठेवला, नुसता. तो हस्तिदंतासारखा गार होता. त्या रात्री कंपासपेटीतल्या करकटकानं मी त्यावर बुलबुल खरवडला. तो कोंबडीसारखा झाला. तिथून सुरू झालं, अजून चाललंय.

खाटकाकडून म्हशीची नळी आणायची, मांस खरवडायचं, मग पाण्यात मंद शिजवायची. उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर चरबी हाडातच मुरते आणि वर्षभरानं पिवळी होऊन वर येते. माझा पहिला शेकरू असाच कावीळ झाल्यासारखा दिसतो. मग भांड्याच्या साबणाच्या पाण्यात आठ-दहा दिवस, पाणी बदलत. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. सुनीतानं मला घरातल्या कुकरला हात लावायची बंदी केली आहे, आता परसात वेगळं तपेलं आहे. करवतीची पूड नाकात जाऊ द्यायची नाही, मास्क लावतो, हाड ओलं ठेवतो. वास मात्र तोच, दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीतला. माझ्या बारीक बर, म्हणजे ड्रिलच्या टोच्या, त्यासुद्धा त्याच्याकडच्याच, झिजलेल्या. आतापर्यंत सतरा तुकडे झाले. धनेश सगळ्यांत चांगला जमला होता, तो शेजारच्या कुत्र्यानं पळवला. कुत्र्याच्या दृष्टीनं त्याचं बरोबरच होतं म्हणा.

सर्जाच्या नळीला यातलं काहीच करावं लागलं नाही. मातीनं सगळं आधीच करून ठेवलं होतं. नुसती धुतली, सावलीत महिनाभर वाळवली, उन्हात ठेवली तर उभी तडकते. रंग चहात बुडवलेल्या बटरासारखा. पेरॉक्साइडची बाटली उघडली आणि परत बंद केली. दोन महिने नळी टेबलावर नुसती पडून होती. सुनीता म्हणायची, 'काढा तरी काहीतरी नाहीतर पुरा तरी परत.'

मग एके रात्री दिसलं, की तपकिरी रंग फक्त वरवरचा आहे. नखभर खरवडलं की खाली पांढरंशुभ्र. आणि तपकिरी अंग, गुडघ्याखाली पांढरे मोजे असलेलं जनावर आपण दोघांनी मिळून पाहिलंय. डिसेंबर २०२१, मार्केट यार्डात गवा शिरला तेव्हा मी गोदामाच्या छपरावर आणि तू व्हिडिओ कॉलवर. 'कॅमेरा हलवू नको, मला शेपूट दिसंना' म्हणून तू ऑफिसातून ओरडत होतास. तोच गवा काढला. दोन्ही टोकं सच्छिद्र असतात, ती कापून टाकली. मधला चार बोटांचा तुकडा ठेवला. पाय खरवडून पांढरे केले, शिंगांच्या टोकांना काजळी चोळली. आणि ती गाठ घासून सपाट करायला हात धजेना. तिचा मी गव्याच्या पाठीचा उंचवटा केला. खरं सांगतो, आजवरचं सगळ्यांत चांगलं काम. फुशारकी म्हण.

आता खरी गोष्ट.

अक्षय तृतीयेला आबा आले, आंब्याची पाटी घेऊन. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सगळंच हातात घेऊन बघायचं असतं. सगळे तुकडे बघितले. कोंबडी-बुलबुलला हसले. गवा हातात घेतला आणि बोलायचेच थांबले. उलटा केला, सुलटा केला, अंगठा त्या गाठीवर जाऊन बसला.

'कशाचं रं ह्ये?'

'म्हशीचं,' मी म्हणालो. विचार करायला सेकंदसुद्धा लागला नाही बघ. सतराव्या वर्षी जसं घुशीचं बीळ सुचलं, तसंच.

'गवा काढलाईस व्हय?'

'हो.'

'गव्याची पाठ अशी नसती. त्येचा उंचवटा पार पाठीवर लांब जातो आन् मधीच तुटतो. ह्ये वशिंड हाय. खिलाराचं.' आणि हसले. 'ऱ्हाऊ दे. ग्वाड केलाईस.' मग बंडीच्या खिशात टाकला आणि म्हणाले, 'मी नेतो.'

इतक्या वर्षांत त्या माणसानं माझ्याकडं कधी काही मागितलं नाही. नको म्हणायला तोंड होतं का मला?

तेव्हापासून तो त्यांच्या खिशात आहे. वहिनी सांगत होत्या, झोपतानासुद्धा उशाला असतो, अंगठा चालूच. परवा भेटले तर म्हणाले, यंदा बेंदराला मातीचे बैल आणायचे नाहीत, पाटावर हाच ठेवायचा. पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. वहिनींना वाटतं, लाकडाचा आहे. हाड आहे कळलं तर पाट बाहेर जाईल आणि त्यामागून मी. पण माझी काळजी वहिनींची नाही रे. आबांना कळलंय की नाही, हेच मला कळत नाही. कधी वाटतं, त्या पायाला कामट्या त्यांनीच बांधल्या, हळद-चुना त्यांनीच लावला, ती गाठ त्यांच्या अंगठ्याला कळणार नाही? मग वाटतं, ऐंशीच्या पुढचा म्हातारा, गुळगुळीत वस्तू हातात बरी वाटते, एवढंच. रात्री तीनला जाग येते आणि मी हेच उलटसुलट करतो.

सांगून टाकावं म्हटलं तर नुसतं 'हा सर्जा आहे' म्हणून भागणार नाही. ते विचारणार, कशावरून? मी म्हणणार, गाठीवरून. आणि मग ते जे विचारतील ते एकट्या माझ्या हातात नाही. त्यात तू आहेस. संगमेश्वराच्या पायरीवर शपथ घ्यायची कल्पना तुझी होती, माझी नव्हे. म्हणून आठ महिने गप्प होतो. तुला सांगितलं असतं तर तू लगेच 'सांगून टाक' म्हणाला असतास नाहीतर 'अजिबात सांगू नको' म्हणाला असतास, आणि मला गवा पुरा करायचा होता.

आणि दुसरं एक कारण. राग मानू नको. २०१४ मध्ये तू 'भाकड बैल पोसायचा कशाला, गिऱ्हाईक आहे तोवर देऊन टाकू' म्हणालास आणि मी तीन महिने तुझ्याशी बोललो नव्हतो. पुढं मार्च २०१५ मध्ये कायदा आला, बैलसुद्धा कापायचा नाही ठरलं, गिऱ्हाईकच उरलं नाही आणि सरकारनं आपलं भांडण मिटवलं. पण मला आत कुठंतरी वाटायचं, की सर्जावर तुझ्यापेक्षा माझा हक्क जास्त. तो घरी आणल्यावर काही दिवस तो फक्त माझा होता. हे लिहायला लाज वाटते. तू हप्ते भरत होतास, मी भरत नव्हतो, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मनूचे दहावीचे मार्क कळले, शाब्बास म्हणून सांग. सायन्सला घालू नका, तिला नको आहे, मला तिनंच सांगितलंय. तुझ्या नव्या साहेबाचं काय झालं? बढती झाली म्हणे, पेढे कुठायत? गुडघ्याचा एमआरआय काढ, टाळू नको.

बेंदूर महिन्यावर आलाय. तू ये. सुट्टी मिळत नसेल तर आजारी पड. आपण दोघं आबांच्या पुढं बसू, मग जे तोंडातून येईल ते येईल. यायचं नसेल तर निदान दोन ओळी पाठव, सांगू की नको. माझं एकट्याचं डोकं चालत नाही.

तुझा,
बाळ्या

ता. क. पुण्यात २००० नंबरचा पॉलिश पेपर मिळाला तर दहा ताव आण, इथं १००० च्या पुढं मिळत नाही. नळीचा एक तुकडा अजून शिल्लक आहे, बोटभर, त्याला गाठ नाही. तुझ्यासाठी ठेवलाय. काय काढू ते सांग. शेकरू सांगू नकोस, शेपटीनं जीव जातो.