वाटणी आमच्यावर सोडू नका

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमच्या मृत्युपत्राचा विषय काढला की बाबा म्हणतात, "इतक्यात कुठे जात नाही मी," आणि आई, तू काही न बोलता फोन त्यांच्याकडे देऊन उठतेस. दोनदा असं झालं, म्हणून पत्र लिहायला घेतलं. नको वाटलं तर अर्ध्यावर घडी घालून ठेवा, पण नंतर पुन्हा उघडा.

काका गेल्यावर मी काकूसोबत राहिले होते, ते दिवस डोळ्यांसमोरून हलत नाहीत. कपाटाच्या खणात किल्ल्यांचा एक जुडगा होता, अकरा किल्ल्यांचा. त्यातल्या दोनच कुठल्या कुठल्या कुलपाला लागल्या. उरलेल्या नऊ कशाच्या, ते काकांबरोबरच गेलं. तेही एक वेळ चाललं असतं. पण त्यांच्या डायरीत, त्यांच्या त्या सुबक अक्षरात, एक मोठी रक्कम होती आणि तिच्यासमोर एवढंच लिहिलं होतं : 'धाकट्याला दिले.' थोरला म्हणाला, ते उसने होते, वाटणीतून वळते व्हायला हवेत. धाकटा म्हणाला, बाबांनी मला आपखुशीनं दिले. दोघंही खरंच बोलत असतील. काकू मधे बसून दोघांच्या तोंडाकडे बघत होती. 'उसने' किंवा 'बक्षीस', एवढा एक शब्द काकांनी पुढे लिहिला असता तर पुरलं असतं. आता दोघं आईला भेटायला येतात ते वेगवेगळ्या दिवशी.

ती मुलं वाईट नाहीत. आमच्यासारखीच आहेत. म्हणूनच "तुम्ही दोघं समजूतदार आहात, घ्याल वाटून" असं तुम्ही म्हणता तेव्हा मला धीर येत नाही.

मनातलं सांगते. गेली कित्येक वर्षं तुमची औषधं, दवाखाने, रात्रीबेरात्रीची धावपळ दादा-वहिनी बघतात. मी सुट्टीला येते आणि जाते. मृत्युपत्र नसलं तर त्या त्या ठिकाणचा वारसा कायदा नातं बघून हिस्से ठरवतो. कोणी किती केलं हे तो विचारत नाही. मग दादाला जास्त हवं असेल तर ते त्याला माझ्याकडे मागावं लागेल, आणि तो जन्मात मागणार नाही. मी आपणहून सोडलं तर ते त्याला उपकारासारखं लागेल. तुम्ही लिहिलंत तर मात्र तो तुमचा शब्द. घर दादाला द्यावं असं मला मनापासून वाटतं. तुमचा विचार वेगळा असेल तर तोही मला मान्य. फक्त तो कागदावर असू दे, आणि शक्य असेल तर का ते दोन ओळींत लिहा. आकड्यांचं दुःख विसरता येतं. 'बाबांना मी कमी वाटले का' हा प्रश्न मात्र जात नाही.

बाबा, तुम्ही म्हणालात, नोबेलनं वकिलाशिवाय, स्वतःच्या हातानं मृत्युपत्र लिहिलं आणि केवढं काम झालं. खरं आहे. 1895 मध्ये पॅरिसला त्यांनी त्यावर सही केली. पण जी संस्था तेव्हा अस्तित्वातच नव्हती तिच्या भरवशावर बहुतेक सगळी संपत्ती सोपवली होती. नातेवाइकांनी हरकत घेतली, आणि 1896 च्या डिसेंबरात ते वारल्यानंतर पहिली पारितोषिकं दिली जायला 1901 उजाडलं. तेवढा वेळ आणि तेवढी माणसं आपल्याकडे नाहीत. आणि अरेथा फ्रँकलिन, ती अमेरिकन गायिका, 2018 मध्ये गेली तेव्हा मृत्युपत्र नाहीच असं घरच्यांना वाटलं होतं. पुढच्या वर्षी घरात हाताने लिहिलेले कागद सापडले, त्यातली एक वही सोफ्याच्या गाद्यांखाली. कुठला कागद खरा यावरून तिची मुलं कोर्टात समोरासमोर उभी राहिली, आणि निकाल लागला 2023 मध्ये. म्हणून वकिलांना एकदा दाखवाच. आपल्याला लागू असलेले नियम तेच नेमके सांगतील.

मला ठाऊक आहे तेवढं लिहिते. तारीख घाला, प्रत्येक पानावर सही करा, आणि 'यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत' हे वाक्य हवंच. तुम्ही सही करताना दोन साक्षीदारांनी ती डोळ्यांनी बघायला हवी. साक्षीदार म्हणून मी नको, दादा नको, वहिनीही नको. ज्याला काही मिळणार आहे त्यानं साक्ष दिली तर पुष्कळ ठिकाणी त्याला दिलेलं तेवढं रद्द होतं. साक्षीदार वयानं तुमच्याहून लहान असलेले बरे, कारण गरज पडेल तेव्हा ते असायला हवेत. त्याच सुमारास डॉक्टरांकडून 'भानावर आहेत, समजून निर्णय घेतात' अशी चिठ्ठी घेतलीत तर पुढे कोणाला शंका काढायला फारशी जागा राहत नाही. आणि पुढचं सगळं निस्तरणारा माणूस नेमा, पण त्याला आधी विचारून.

बँकेत नॉमिनी लावलाय म्हणजे झालं, असं धरून चालू नका. कुठे नॉमिनीच मालक होतो, तर कुठे तो वारसांपर्यंत पैसे पोचवणारा नुसता मधला माणूस असतो. प्रत्येक खात्यावर कोणाचं नाव आहे ते काढून बघा आणि मृत्युपत्राशी जुळवून घ्या. जुन्या ठेवीवर अजून आजीचं नाव असणार, माझी खात्री आहे.

आता आई, तुझ्याशी. "माझ्या नावावर काय आहे मेलं," असं तू म्हणतेस. तुझे दागिने आहेत, तुझी ठेव आहे, आणि बाबांनी तुझ्या नावानं केलं तर घरही तुझंच असेल. तुझं मृत्युपत्र वेगळं हवं, तुझ्या शब्दांत. बाबांच्या कागदात मला सगळ्यात आधी बघायचं आहे ते हे की तुला काय मिळतं : घराची मालकी, की हयातभर राहण्याचा हक्क? दोन्ही सारखं दिसतं, पण नुसत्या राहण्याच्या हक्कावर उद्या तुला घर विकून लहान घरात जावंसं वाटलं तर जाता येणार नाही. कोणाच्या तरी सहीवर अडून बसशील. तसं तुझं व्हायला नको आहे मला. बाबा, हे वाक्य वकिलांना नीट विचारा. आणि ज्याला देताय तो तुमच्याआधी गेला तर पुढे कोणाला, तेही लिहून घ्या. लिहायला जड जाईल, तरी लिहा.

पासवर्ड मात्र त्यात नकोत, मृत्युपत्र पुढे अनेकांच्या हातांतून जातं. खाती, विमा, दिलेलं-घेतलेलं, कोणती किल्ली कशाची, हे सगळं वेगळ्या वहीत. आणि मूळ प्रत कुठे आहे ते दादाला आणि मला, दोघांनाही एकाच वेळी सांगा.

पुढच्या महिन्यात चार दिवस येते. वही आपण सगळे मिळून करू. मृत्युपत्राचा मसुदा तुम्ही दोघं आणि वकील करा. तेव्हा मी आणि दादा बाहेर जाऊ. मुलांनी समोर बसवून लिहून घेतलं, असं कोणाला म्हणता येऊ नये.

आई, एकच मागणं. तुझा बटणांचा पत्र्याचा डबा माझ्या नावानं लिही. माझ्या शाळेच्या गणवेशाचं निळं बटण अजून त्यात आहे, मागच्या खेपेला बघितलं मी.

तुमची,
ताई