'मोबी-डिक' वाचन : रविवारच्या बैठकीची सूचना

सभासदहो,

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता, वाचनालयाच्या वरच्या खोलीत हर्मन मेल्विलच्या 'मोबी-डिक' (१८५१) या देवमाशांच्या शिकारीवरच्या कादंबरीवर पहिली चर्चा आहे. प्रकरण १ ते २८ वाचून या. जहाजाचा कॅप्टन एहॅब २८व्या प्रकरणात प्रथम डेकवर दिसतो, म्हणून तिथे थांबायचं.

– संक्षिप्त आवृत्ती आणू नका. मूळ पुस्तकात १३५ प्रकरणं आणि उपसंहार आहे. आधी मोजून घ्या. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर पूर्ण मजकूर फुकट मिळतो.

– उपसंहार गाळलेला चालणार नाही; निवेदक कसा वाचला ते तिथेच कळतं. लंडनच्या पहिल्या आवृत्तीत तो नव्हताच, आणि जहाज बुडालं तर गोष्ट सांगायला उरलं कोण, असं समीक्षकांनी विचारलं!

– सुरुवातीची, देवमाशांवरच्या उताऱ्यांची पानं जड वाटली तर तूर्त सोडा.

– पुढच्या टप्प्यात ३२वं प्रकरण येईल. बरेच जण पुस्तक तिथेच मिटतात, कारण ते माहितीपर लेख समजून वाचतात. देवमाशांची वर्गवारी तिथे पुस्तकांच्या आकारांवरून केली आहे : फोलिओ (मोठा), ऑक्टाव्हो (मध्यम), ड्युओडेसिमो (लहान). थट्टा आहे ती. मोठ्याने वाचा.

पेन्सिल आणा; वाचनालयाच्या प्रतीवर खुणा नकोत. येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.