मसुरीच्या दोन ओळींतलं अंतर आमच्या शिवारात ठरवा: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री, कर्नाटक सरकार यांस,

स. न. वि. वि.

डिसेंबरच्या अधिवेशनासाठी आपण बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात येता, तेव्हा जवळच आमची मसूर उभी असते. येळ्ळूर, शहापूर, वडगावच्या काळ्या रानात भात काढल्यावर जी ओल उरते, तिच्यावरच हे पीक येतं.

आमच्या घरी वडिलांच्या वेळेपासून मसुरीला वेगळं खत नव्हतं. भाताला घातलेलं उरलं असेल ते तिचं. बीही हाताने फोकायचं, म्हणजे रानभर विखरून टाकायचं. दोन वर्षांपूर्वी मी एका सरकारी केंद्रात विचारायला गेलो, तर हरभऱ्याचं माहितीपत्रक हातात ठेवलं, तेही कन्नडमध्ये. मला कन्नड वाचता येतं, पण आमच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना येत नाही आणि शेती तेच करतात.

साहेब, शिफारस नाही असं नाही. हेक्टरी 20 किलो नत्र (नायट्रोजन), 40 किलो स्फुरद (फॉस्फरस). एकराच्या हिशोबात सुपर फॉस्फेटची 50 किलोची दोन पोती आणि सतरा-अठरा किलो युरिया. सुपरमधून गंधकही मिळतं, म्हणून मला ते डीएपी या दुसऱ्या स्फुरदाच्या खतापेक्षा बरं वाटतं. पण स्फुरद मातीत जागचं हलत नाही. वर फोकलं तर वरच राहतं, आणि आमचं रान वरून सुकत जातं. मुळं ओलीमागे खाली जातात, खत वर कोरड्यात पडून राहतं. ते कुरीने, म्हणजे पेरणीच्या अवजाराने, बियाखालीच पडायला हवं.

अंतराचं तर त्याहून अवघड. पुस्तकात ओळींत 30 सेंटिमीटर सांगतात, ते वेळेवर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून पेरलेल्या पिकाला. आमचा बासमती उशिरा निघतो. मसुरीची पेरणी मागे पडली की झाड बुटकं राहतं, फांद्या कमी फुटतात, मधली जागा झाकत नाही आणि ओल उडून जाते. अशा पेरणीला ओळी 20-22 सेंटिमीटरवर आणून बियाणं वाढवायला सांगतात. आमच्या चिकट मातीत नेमकं किती, हे इथेच पेरून ठरायला हवं.

आणखी एक. भातात महिनोन् महिने पाणी उभं राहतं, त्यात मुळांवर गाठी करणारे जिवाणू कमी होतात. म्हणून या जिवाणूंची, म्हणजे रायझोबियमची, पाकिटं पेरणीआधी हातात पडली पाहिजेत. ती उन्हात पडून राहिली तर मेलेलीच.

कर्नाटकात कडधान्य म्हटलं की कलबुर्गीची तूर आठवते, तिचा मान तिला आहेच. पण 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पातल्या कडधान्य अभियानात तूर आणि उडदासोबत मसुरीचंही नाव आहे. त्यातला वाटा बेळगाव तालुक्याला मिळू दे. धारवाडचं कृषी विद्यापीठ काही लांब नाही. त्यांच्या शास्त्रज्ञांनी दोन-तीन गावांत, शेतकऱ्याच्याच रानात, निरनिराळ्या अंतरांचे आणि खताच्या मात्रांचे पट्टे सलग तीन वर्षं पेरावेत. निकाल कन्नडबरोबर मराठीतही छापावा. सुपर फॉस्फेट भात कापणीच्या आत सोसायटीत यावं.

मागच्या साली मी दहा गुंठ्यांत ओळीने पेरलं, खाली सुपर दिलं. ओळींमधलं तण काढायला कोळपं फिरवता आलं, एवढ्यानेच घरच्या बायकांचं खुरपणीचं काम किती हलकं झालं! यंदाही एक पट्टा तसा, शेजारी एक फोकलेला, असं करणार आहे. अधिवेशनाच्या एखाद्या सकाळी या. दोन्हीकडची रोपं उपटून मुळांवरच्या गाठी आपल्याला दाखवतो.

आपला,
येळ्ळूर शिवारातला एक शेतकरी