पंधराव्या दिवसानंतर ये

कोल्हापूर
रविवार, दुपार

प्रिय सुमे,

तुझे तीन फोन मी उचलले नाहीत आणि चौथ्याला 'येऊ नकोस' एवढंच बोलून ठेवून दिला. रागावली असशील. पण तो केमोचा पाचवा दिवस होता, आणि एसटीचा दांडा चाटल्यासारखी तोंडाला चव होती. तसल्या तोंडाने तुझ्याशी काय बोलणार होते?

आज एकोणिसावा दिवस. आज मी माणसात आहे, म्हणून सगळं लिहून काढते.

गाठीचं आणि ऑपरेशनचं तुला माहीतच आहे, ते पुन्हा उगाळत नाही. आता एकवीस-एकवीस दिवसांनी चार केमो, त्यानंतर दुसऱ्या औषधाच्या दर आठवड्याला एक अशा बारा. म्हणजे सहा महिने गेले. आधी हृदयाची टूडी इको केली, कारण यातलं एक औषध हृदयाला जड जाऊ शकतं. डॉक्सोरुबिसिन त्याचं नाव, रंग लालभडक. सिस्टर मोठ्या सिरिंजमधून ते सावकाश सोडत होती आणि मला बर्फाचे खडे चघळायला दिले होते, तोंड येऊ नये म्हणून. त्यानंतरचं औषध पाण्यासारखं. मी म्हटलं, "सिस्टर, आधी तांबडा, मग पांढरा. वाढायची रीत बरोबर आहे तुमची." शेजारच्या खाटेवर राधानगरीकडच्या एक मावशी होत्या, योजनेतून उपचार घेणाऱ्या, रेशनकार्ड उशीखाली ठेवून झोपलेल्या. त्या इतक्या हसल्या की त्यांच्या सलाइनची नळी हलली. घरी आल्यावर लघवी लाल झाली, पण सिस्टरने आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून घाबरले नाही.

पहिल्या दोन रात्री झोपच नाही. उलटीच्या गोळ्यांबरोबर स्टिरॉइड देतात, त्याने माणूस टक्क जागा राहतो. पहाटे तीनला हे पाणी प्यायला उठले, तर मी ओट्यापाशी चिंच लावून लग्नातला पितळी तांब्या घासतेय! बिचारे काही न बोलता परत जाऊन झोपले.

मग तो पाचवा दिवस, रविवार. वरच्या मजल्यावर मटण शिजत होतं. आपल्या गावात रविवारी या वासातून सुटका नाही, खिडक्या लावल्या तरी भिंतीतून येतो. कांदा-खोबरं भाजल्याच्या ज्या वासावर आपण वाढलो, त्याच वासाने मला भडभडून आलं. उलटी एकदाच झाली, पण मला रडू आलं ते वेगळ्याच गोष्टीचं. कोल्हापूरची असून मटण नको म्हणतेय! त्या दिवशी भाताची पेज आणि आवळ्याची फोड, बस्स. खरा छळ वेगळाच, बद्धकोष्ठाचा. उलटीच्या गोळीनेच होतं ते. लाजून चार दिवस गप्प बसले, तर डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशी विचारायचं की.

दहाव्या रात्रीचं तुला अजून माहीतच नाही. अंगात कसर वाटली, थर्मामीटर लावला तर १००.८. वाटलं, एक पॅरासिटामॉल घ्यावी आणि पडावं. गोळी पाकिटातून काढलीसुद्धा. यांनी हातातून काढून घेतली. फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनने लिहिलेलं होतं: ताप १००.४ च्या वर गेला तर वेळ बघू नका, गोळीने दाबू नका, निघून या. आठवड्या-दीड आठवड्यात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात, तेव्हा साधा जंतूही भारी पडतो. रात्री दीडला दसरा चौकातून गाडी नेली, रस्त्यावर कुत्री आणि आम्ही. पेशी अकराशे निघाल्या, एरवी चार हजारांच्या वर असतात. तीन दिवस सलाइनमधून अँटिबायोटिक. ती गोळी घेऊन झोपले असते तर, हा विचार मी अजून पुरा करत नाही.

केस सोळाव्या दिवशी सुटले. आंघोळीत हाताला पुंजकेच्या पुंजके. मी रेवाला म्हटलं, आण तुझ्या दादाचा ट्रिमर. सासूबाई ताडकन उठल्या. "नवरा धडधाकट असताना बाईच्या डोक्याला वस्तरा? मी नाय बघणार." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्यांच्या आत्याचं केशवपन झालेलं त्यांनी लहानपणी पाहिलंय, सुमे. मला राग आला नाही. ट्रिमर घरघरत होता तेवढा वेळ आतून आवाज नाही. संपल्यावर त्या बाहेर आल्या, माझ्याभोवती एक फेरी मारली, आणि म्हणाल्या, "डोकं गोल हाय की गं तुझं. बिनखोडीचं." संध्याकाळी त्यांनी स्वतःचं जुनं सुती लुगडं फाडून तीन रुमाल केले. मऊ आहेत, टोचत नाहीत. विकतची टोपी मी कपाटात टाकली.

बाकी येणारे-जाणारे आहेतच. कोणी लक्ष्मणफळ आणतं, कोणी गोमूत्र. डॉक्टरांनी विचारल्याशिवाय पालासुद्धा खायचा नाही असं बजावलंय, त्यामुळे हे हसून घेतात आणि आत ठेवून देतात. मला सगळ्यात जड जातं ते 'पॉझिटिव्ह राहा'. म्हणजे मी ओकताना पण हसायचं का?

बुधवारी दुसरी केमो. या खेपेला दुसऱ्या दिवशी पेशी वाढवायचं इंजेक्शन पण आहे, हाडं ठणकतात म्हणे त्याने. म्हणून आता नीट ऐक. पहिला आठवडा माझा नसतो, दुसऱ्यात पेशींची भीती. पंधराव्या दिवसानंतर मी असते. आजपासून बरोबर तीन आठवड्यांनी जो रविवार येतो, त्या रविवारी ये. घरात कोणाला सर्दी-खोकला असला तर तिकीट रद्द कर. खायला काही आणू नकोस. सकाळी उन्हाच्या आत रंकाळ्यावर जाऊ. संध्यामठ दिसेपर्यंत मी चालते, पुढे दम लागतो, मग कट्ट्यावर बसायचं.

आणि तुझ्या त्या भाडेकरूने शेवटी खोली सोडली का, ते फोनवर सांगू नकोस. कट्ट्यावर सांग.

तुझी,
मंदा